जळगावच्या गच्चीवरून चंद्रांतर: रेखांश समुद्रात का जाऊन पडतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जळगावच्या एका भावाने जुना धातूचा सेक्स्टंट (कोन मोजायचं नाविकांचं उपकरण) मिळवला. नवरात्रातल्या सप्तमीच्या दुपारी त्याने गच्चीवरून चंद्र-सूर्यामधलं अंतर मोजलं, नाविक पंचांगाशी ताडून ग्रिनिचची वेळ काढली, आणि तिच्यावरून रेखांश काढला तर तो ६४° ५०′ पूर्व आला. म्हणजे द्वारका आणि ओमानचा किनारा यांच्या जवळपास मधोमध, भर अरबी समुद्रात. जळगाव आहे ७५° ३४′ वर. "सेक्स्टंट खराब आहे की समुद्राचं क्षितिज नसताना हे होतच नाही?" असं त्याने विचारलंय. सगळे आकडे सोबत दिलेत, त्यामुळे उत्तर द्यायला सोपं गेलं.

भाऊ, सेक्स्टंट उत्तम आहे आणि हातही बरा आहे. तुम्ही मोजलेलं अंतर 'शुद्ध' न करताच पंचांगाला भिडवलंत. लंबन आणि वक्रीभवन राहून गेलं, ते काय ते पुढे सांगतो. पावणेअकरा अंशांची चूक दुसऱ्या कशाने येत नाही. सेक्स्टंट तितका खराब असता तर तो हातात घेताच कळलं असतं.

पुढे जाण्याआधी एक सोय करून घेऊ. कोनाचं मिनिट आणि घड्याळाचं मिनिट यांची इथे फार सरमिसळ होते. म्हणून कोनाच्या मिनिटाला (खूण ′) मी पंचांगवाल्यांसारखं 'कला' म्हणेन. ६० कला म्हणजे १ अंश. मिनिट म्हटलं की घड्याळाचं.

या पद्धतीचं तत्त्व तुमच्या घरच्या भिंतीवर टांगलेलं आहे. तिथी म्हणजे काय? चंद्र सूर्यापासून क्रांतिवृत्तावर, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक वाटेवर, १२ अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. दिनदर्शिकेत 'सप्तमी अमुक वाजून तमुक मिनिटांपर्यंत' छापलेलं असतं, ते चंद्र-सूर्याच्या अंतरावरून सांगितलेली वेळच असते. ते उलटं वाचायचं: अंतर आपण मोजायचं आणि वेळ कोष्टकातून काढायची. फरक इतकाच की तिथीत क्रांतिवृत्तावरचं अंतर धरतात आणि सेक्स्टंट आकाशातलं सरळ, तिरकं अंतर मोजतो.

अडचण चंद्राच्या चालीची आहे. सूर्याच्या तुलनेत तो तासाला साधारण ३०.५ कला सरकतो, ताऱ्यांच्या तुलनेत ३३ कला. म्हणजे अंतर मोजताना एका कलेची चूक झाली की वेळेत दोन मिनिटांची आणि रेखांशात अर्ध्या अंशाची चूक होते. आपल्या अक्षांशावर अर्धा अंश म्हणजे ५० किलोमीटरच्या थोडं वर. एक कला चुकलात की जळगाव अंमळनेरला जाऊन बसतं. हा तीसपटीचा गुणाकार डोक्यात ठेवा. दुपारच्या सूर्याच्या वेधात ज्या चुका आम्ही बोटीवर हसून सोडून देतो, त्या इथे अजिबात सोडता येत नाहीत.

क्षितिजाबद्दल म्हणाल तर खानदेशात बसून करता येण्यासारखा सेक्स्टंटचा सगळ्यात अस्सल वेध हाच आहे. चंद्र आणि सूर्य यांच्यातलं अंतर मोजताना क्षितिज लागतच नाही, दोन बिंब एकमेकांना टेकवायची की झालं. क्षितिज लागतं ते फक्त उन्नतांशांना, म्हणजे बिंब क्षितिजापासून किती अंश वर आहे ते मोजायला, आणि त्यासाठी तुम्ही ताटात तेल ओतून कृत्रिम क्षितिज केलंत ते योग्यच केलंत. पूर्वी पारा वापरत. तो विषारी आहे, त्याच्या नादी लागू नका. वापरलेलं काळं इंजिन ऑइल उत्तम, वाऱ्याला आडोसा तेवढा हवा. ताटातल्या प्रतिबिंबाने दुप्पट कोन मिळतो. आधी इंडेक्स एरर (सेक्स्टंटची शून्यावरची चूक) लावा, मग निम्मं करा. डोळ्याच्या उंचीची दुरुस्ती इथे लागत नाही. आणि दुप्पट कोन सेक्स्टंटच्या आर्कवर (अंश कोरलेल्या कमानीवर) मावला पाहिजे, म्हणून साधारण साठ अंशांच्या वर गेलेल्या बिंबाला हा उपाय चालत नाही.

आता तुमचे आकडे घेऊ.

सेक्स्टंटवरचं वाचन ७४° १२.३′. पाच वाचनांची सरासरी घेतलीत, छान. इंडेक्स एरर तुम्ही सूर्यावरच तपासलात: एका बाजूने कडेला कड लावून आर्कवर ३२.६′, दुसऱ्या बाजूने आर्कबाहेर ३१.४′. फरकाचं निम्मं ०.६′, आर्कवर, म्हणून वजा. दोन्हींची बेरीज ६४.० भागिले ४ म्हणजे १६.०′, आणि त्या दिवशीची पंचांगातली सूर्याची त्रिज्याही १६.०′ आहे. हा ताळा बसला म्हणूनच मी वर 'हात बरा आहे' म्हणालो. हा ताळा न बसलेला वेध मी पुढे सोडवतच नाही.

उरले ७४° ११.७′. हे चंद्राच्या उजळ कडेपासून सूर्याच्या जवळच्या कडेपर्यंतचं अंतर. आपल्याला केंद्रापासून केंद्रापर्यंतचं हवं, म्हणून दोन्ही त्रिज्या मिळवायच्या. सूर्याची १६.०′. चंद्राचं क्षितिज-लंबन (तो क्षितिजावर असतानाचं लंबन) त्या वेळी ५७.०′, त्याला ०.२७२५ ने गुणलं की त्रिज्या १५.५′. यात आणखी ०.२′ घालायची. चंद्र वर चढला की तो गच्चीवरच्या माणसाला पृथ्वीच्या केंद्रापेक्षा जवळ असतो, त्यामुळे किंचित मोठा दिसतो. ही वाढ बहुतेक जण विसरतात, आणि ०.२′ म्हणजे दहा किलोमीटर. तुम्ही विसरला नाहीत. एकूण दिसलेलं अंतर ७४° ४३.४′.

इथे तुम्ही थांबलात आणि थेट पंचांगाकडे गेलात.

पंचांगातलं अंतर पृथ्वीच्या केंद्रातून पाहिलेलं असतं, आणि मध्ये हवा नाही असं धरून. तुम्ही पाहता ते पृष्ठभागावरून आणि हवेतून. हवेमुळे प्रत्येक बिंब थोडं वर उचललेलं दिसतं, हे वक्रीभवन. केंद्राऐवजी पृष्ठभागावरून पाहिल्यामुळे बिंब खाली दिसतं, हे लंबन. सूर्य इतका दूर आहे की त्याचं लंबन जेमतेम ०.१′. चंद्र जवळ आहे, त्याचं लंबन अंशाच्या जवळपास जातं. महिनाभरात क्षितिज-लंबन ५४ ते ६१ कलांच्या दरम्यान फिरतं. सगळा घोळ चंद्राच्या या लंबनाचा आहे.

तुमचे दिसलेले उन्नतांश, केंद्राचे: चंद्र ४२° ००′, सूर्य ३५° ००′. चंद्राचं वक्रीभवन १.१′, ते वजा. लंबन ५७.० गुणिले कॉस ४२° म्हणजे ४२.४′, ते अधिक. खरा उन्नतांश ४२° ४१.३′. सूर्याचं वक्रीभवन १.४′ वजा, लंबन ०.१′ अधिक, खरा उन्नतांश ३४° ५८.७′.

दोन्ही परिणाम फक्त उभ्या दिशेने होतात. बिंब वर-खाली सरकतं, डावी-उजवीकडे नाही. म्हणजे डोक्यावरचं खस्वस्तिक, चंद्र आणि सूर्य असा आकाशात त्रिकोण काढला तर खस्वस्तिकापाशचा कोन, म्हणजे दोघांच्या दिगंशांमधला (क्षितिजावरच्या दिशांमधला) फरक, दिसलेल्या त्रिकोणात आणि खऱ्या त्रिकोणात तोच राहतो. आधी दिसलेल्या त्रिकोणातून तो कोन काढायचा आणि मग खरे उन्नतांश घालून उलटं यायचं. अठराव्या शतकात हेच लॉगॅरिदमने करायचं होतं, म्हणून त्याची डझनभर रूपं निघाली. कॅल्क्युलेटर हातात असताना त्या रूपांच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

पहिली पायरी:

कॉस (दिगंशफरक) = [कॉस (दिसलेलं अंतर) − साइन (दिसलेला चंद्र) × साइन (दिसलेला सूर्य)] ÷ [कॉस (दिसलेला चंद्र) × कॉस (दिसलेला सूर्य)]

तुमचे आकडे: (०.२६३४८० − ०.३८३७९८) ÷ ०.६०८७४९ = −०.१९७६४७. दिगंशफरक सुमारे १०१.४° येतो. गच्चीवर कंपास लावून हा फरक ढोबळ तपासून पाहा. उन्नतांश लिहिताना अदलाबदल झाली असेल तर इथेच पकडता येते.

दुसरी पायरी:

कॉस (खरं अंतर) = साइन (खरा चंद्र) × साइन (खरा सूर्य) + कॉस (खरा चंद्र) × कॉस (खरा सूर्य) × कॉस (दिगंशफरक)

म्हणजे ०.३८८६८० − ०.६०२२७९ × ०.१९७६४७ = ०.२६९६४२. खरं अंतर ७४° २१.४′.

दिसलेलं ७४° ४३.४′, खरं ७४° २१.४′. बावीस कलांचा फरक. घड्याळात तो ४३ मिनिटांचा आणि रेखांशात पावणेअकरा अंशांचा. तुमचं जळगाव जितकं पश्चिमेला वाहून गेलं, बरोबर तितका.

दशांश किमान सहा ठेवा, मी सात ठेवतो. या अंतरावर एका कलेच्या दशांशाने कॉसमध्ये फक्त ०.००००२८ चा फरक पडतो. चार दशांशांवर गोळाबेरीज केलीत तर अख्खा वेध वाया जातो. याच कारणाने अंतर फार लहान असेल तर कॉसचं सूत्र दगा देतं. तीस ते एकशेवीस अंशांमधलं अंतर निवडा.

पुढचं तुम्ही बरोबर केलं होतंत, फक्त चुकीच्या आकड्यावर. हल्लीच्या पंचांगात चंद्रांतरं छापलेली नसतात. ब्रिटिश पंचांगाने १९०६ च्या आवृत्तीनंतर ती काढून टाकली. म्हणून चंद्र-सूर्याचे ग्रिनिच होराकोन आणि क्रांती (आकाशातली जागा सांगणारे पंचांगातले दोन आकडे) घेऊन त्याच त्रिकोणाच्या सूत्राने दोन लागोपाठच्या तासांची अंतरं काढायची. तुमची आहेत: १० वाजता ७४° १६.३′, ११ वाजता ७४° ४६.७′. तासाला ३०.४ कला, वाढती, कारण शुक्ल पक्षात चंद्र सूर्यापासून दूर जात असतो. ७४° २१.४′ वजा ७४° १६.३′ म्हणजे ५.१ कला. ५.१ भागिले ३०.४, गुणिले ६०, १० मिनिटं ४ सेकंद. ग्रिनिच वेळ १० वाजून १० मिनिटं ४ सेकंद.

सूर्याच्या उन्नतांशावरून स्थानिक मध्यम वेळ तुम्ही काढलीत १५ वाजून १२ मिनिटं ५० सेकंद. दोघांतला फरक ५ तास २ मिनिटं ४६ सेकंद. चार मिनिटांना एक अंश या हिशेबाने ७५° ४१.५′ पूर्व. खऱ्या जळगावपासून साडेसात कला, म्हणजे तेरा किलोमीटर पूर्वेला, भुसावळच्या रस्त्यावर नशिराबादच्या जरा पुढे. गच्चीवरून पहिल्याच खेपेला हे आलंय. याला मी चांगला वेध म्हणतो.

कॅप्टन कुकच्या पहिल्या सफरीत, १७६८ ते १७७१, बोटीवर क्रोनोमीटर, म्हणजे समुद्रावर चालणारं अचूक घड्याळ, नव्हता. न्यूझीलंडचा किनारा त्याने चंद्रांतरांच्या आधाराने नकाशावर आणला. जर्मन खगोलशास्त्रज्ञ टोबियास मायरने चंद्राची कोष्टकं केली, ग्रिनिचच्या नेव्हिल मास्केलिनने ती धरून १७६७ सालापासून नाविक पंचांग सुरू केलं, आणि त्यात दर तीन तासांची अंतरं आयती छापलेली असत. घरी बसून हिशेब करणारे गणकनीस पगारावर ठेवलेले होते. तोवर एका वेधाला चार-चार तास लागत, ते अर्ध्या तासावर आलं. असं समुद्रावरचं घड्याळ बनवणाऱ्या हॅरिसनची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण घड्याळं महाग होती. पुढची कित्येक वर्षं सामान्य बोटींवर चंद्रच घड्याळ होता. आमच्या वेळच्या परीक्षांत हे नव्हतं. मी रात्रीच्या वॉचवर हौसेने शिकलो.

आणि लंबन हे काही साहेबाने आणलेलं नाही. तुमच्याच जिल्ह्यात, चाळीसगाव तालुक्यात पाटणला तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, अशी त्यात नोंद आहे. त्या ग्रंथांत सूर्यग्रहणाचं गणित लंबनाशिवाय पुढे सरकत नाही. देशांतरही (रेखांशातला फरक) ते मोजत, उज्जैनच्या मध्यरेखेपासून. ती रेखा ७५° ४६′ च्या आसपास, म्हणजे भुसावळला जवळपास चिकटून जाते. चंद्रग्रहणाची गणिताने आलेली वेळ आणि आपल्या गावी दिसलेली वेळ यांच्या फरकावरून देशांतर काढायची रीत सिद्धान्तांत, म्हणजे जुन्या ज्योतिषग्रंथांत, आहे. चंद्रग्रहण वर्षातून एक-दोनदा. चंद्रांतरात तेच काम महिन्यातले वीस-बावीस दिवस होतं.

राहिलेले तेरा किलोमीटर कुठून आले? पाव कलेची चूक एवढं करायला पुरते, आणि ती बहुधा टेकवण्यात असते. सेक्स्टंट दोन्ही बिंबांच्या रेषेत तिरका धरून हळूच डोलवायचा. सूर्याची कड चंद्राच्या कडेला नुसती घासून गेली पाहिजे, आत शिरता कामा नये. दुर्बीण सहा-सात पट मोठं दाखवणारी हवी. सूर्यावर गडद शेड (काळी काच) आणि चंद्रावर काहीच नाही, असं केलं की सूर्याची कड नीट कापलेली दिसते. शेड हलकी असली तर प्रखरपणाने सूर्य फुगून दिसतो आणि अंतर कमी भरतं.

उन्नतांशांची फार काळजी करू नका, पण एक भेद लक्षात ठेवा. अंतर शुद्ध करण्यासाठी उन्नतांशात पाच कलांची चूक सहज खपते. स्थानिक वेळ काढायच्या उन्नतांशात मात्र एक कला चुकली की रेखांशही कलाभर किंवा थोडा जास्तच चुकतो. एकट्याने वेध घेताना आधी चंद्र-सूर्याचे उन्नतांश, मग अंतराची पाच वाचनं, मग पुन्हा उन्नतांश असा क्रम ठेवा आणि उन्नतांश अंतराच्या मधल्या क्षणाला आणून घ्या. जुन्या बोटींवर याला तीन जण आणि घड्याळ वाचायला चौथा असे. घड्याळ इथे फक्त मधला काळ मोजायला लागतं, ते कुठल्या वेळेला लावलंय याला महत्त्व नाही. मोबाइलवरची वेळ आधी बघू नका, नाहीतर हात आपोआप 'बरोबर' वाचायला लागतो.

आपल्याकडच्या उन्हाचं वेगळं सांगतो. वक्रीभवनाची कोष्टकं १० अंश सेल्सिअस आणि १०१० मिलिबार दाब धरून केलेली असतात. ऑक्टोबरच्या दुपारी ३४ अंशांत हवा विरळ, वक्रीभवन दहा टक्क्यांनी कमी. तुमच्या उन्नतांशांवर त्याचा परिणाम दशांश कलेचा, सोडून दिलात तरी चालेल. पण मे महिन्यात ४३ अंशांत, सूर्य १२ अंशांवर उतरल्यावर वेध घेतलात तर कोष्टकातलं साडेचार कलांचं वक्रीभवन प्रत्यक्षात चारच्या आत असतं. तिथे दुरुस्ती न करणं म्हणजे पंचवीस-तीस किलोमीटर. शक्यतो १५ अंशांच्या खाली जाऊच नका. प्लास्टिकचे स्वस्त सेक्स्टंट आपल्या उन्हात तासाभरात इंडेक्स एरर बदलतात. तुमचा धातूचा आहे, तरी आधी अर्धा तास सावलीत ठेवा आणि इंडेक्स एरर वेधाच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा घ्या. पृथ्वी चपटी असल्याची एक दुरुस्ती पुस्तकांत सापडेल. २१ अक्षांशावर ती नगण्य आहे.

आता पुढचा वेध रात्रीचा करा. जुन्या पंचांगात ज्या ताऱ्यांची अंतरं छापत ते आपल्या ओळखीचेच आहेत: रोहिणी, पुनर्वसूतला ठळक तारा, मघा, चित्रा, ज्येष्ठा, श्रवण. चंद्राच्या वाटेच्या आसपास असलेले म्हणून निवडलेले. तारा बिंदूसारखा असल्याने त्याची त्रिज्या नाही. चंद्राची उजळ कड ताऱ्याकडची असेल तर चंद्राची त्रिज्या मिळवायची, पलीकडची असेल तर वजा करायची. उन्नतांश मोजणं रात्री जड जातं, तेलात तारा दिसत नाही म्हणा ना. पण अंदाजे जागा आणि वेळ माहीत असेल तर उन्नतांश गणितानेच काढा. आलेल्या ग्रिनिच वेळेने ते पुन्हा काढा आणि अंतर पुन्हा शुद्ध करा. दोन फेऱ्यांत आकडा स्थिर होतो. स्थानिक वेळ त्याच दिवशीच्या दुपारच्या सूर्यावरून आणि तुमच्या घड्याळावरून पुढे आणा.

त्या रात्री एकाच ताऱ्यावर थांबू नका. चंद्राच्या पूर्वेला एक आणि पश्चिमेला एक, अंतरं साधारण सारखी असलेले दोन तारे घ्या. पश्चिमेच्या ताऱ्यापासून चंद्र दूर जातो, पूर्वेच्या ताऱ्याकडे तो सरकतो. तुमचा सेक्स्टंट किंवा डोळा कायम पाव कला जास्त वाचत असेल तर पश्चिमेच्या ताऱ्यावरून वेळ पुढे येईल आणि पूर्वेच्या ताऱ्यावरून तितकीच मागे. दोघांची सरासरी घेतली की ती चूक उडते, आणि दोघांतल्या फरकाचं निम्मं म्हणजे तुमची कायमची चूक. ती एकदा कळली की दुपारच्या एकट्या सूर्यालाही लावता येते. नशिराबादचे ते तेरा किलोमीटर तुमच्या टेकवण्याचे की सेक्स्टंटच्या आर्कचे, तेही त्यावरून कळायला लागेल: अशा ताऱ्यांच्या जोड्या वेगवेगळ्या अंतरांवर घेऊन बघा. अंतर बदललं तरी चूक तीच राहिली तर ती टेकवण्याची, अंतराबरोबर बदलत गेली तर आर्कची. हे आकडे झाले की इंडेक्स एररची दोन्ही वाचनं आणि गच्चीवरचं तापमान यांच्यासकट लिहा, मी सोडवून बघतो.